जाळी वाहायला गाडी

आमच्या घरात गाडीचा विषय निघाला की आई अजूनही पदर तोंडाला लावून हसते. तिचे हसणे आम्हांला लागते, पण ते खोटे नाही. मासे धरण्याचे सामान वाहायला गाडी कोणती घ्यावी, एवढा साधा प्रश्न होता. तो सोडवायला आम्हांला दीड वर्ष आणि अडतीस हजार रुपये लागले. आपल्या घरांतून आता कोणी मासळीच्या, कोणी भाजीच्या, कोणी भंगाराच्या धंद्यात पडले आहेत. गाडी घेण्याची वेळ पुष्कळांवर येते. म्हणून आमची फजिती लपवून न ठेवता सांगतो.

आमचे मूळ गाव इंदापूर तालुक्यातले, पळसदेवच्या बाजूचे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी पसरले, त्यात वडिलांची दीड एकर जमीन गेली. आम्ही बी.कॉम. होऊन दौंडला कारकुनीला लागलो. धाकटे बंधू कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला होते. २०२० च्या टाळेबंदीत ते काम सुटले ते सुटलेच. मग गावच्या एका वयस्कर भोई मामांच्या हाताखाली राहून ते जाळे टाकायला शिकले, रीतसर परवाना काढला आणि पाण्यावर जाऊ लागले. ज्या पाण्याखाली वडिलांची जमीन आहे त्याच पाण्यावर मुलगा जाळे टाकतो. आई हे कधी बोलून दाखवत नाही, पण चिलापीचे कालवण ताटात आले की पहिला घास घ्यायला तिला वेळ लागतो.

आता सामान म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे, कारण शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक काठी आणि गळ येतो. धाकट्यांकडे आठ जाळी आहेत. प्रत्येक जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगणारे बोये आणि खालच्या दोरीला शिसे, म्हणजे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. त्याशिवाय ट्रकची एक मोठी ट्यूब, तिच्यावर बसायला फळी, दोन हातवल्ही, हवा भरायचा पंप, बॅटरी, कोयता, दोरखंड आणि प्लॅस्टिकचे क्रेट. तिन्हीसांजेला जाळी लावायची, पहाटे तीन-चार वाजता उचलायची, उजाडता उजाडता मासळी पंधरा-वीस किलोमीटरवरच्या भिगवणच्या बाजारात पोचवायची. लिलाव कोणासाठी थांबत नाही. अर्धा तास उशीर झाला तर तीच मासळी पडत्या भावाने जाते.

सुरुवातीची दोन-तीन वर्षे धाकट्यांनी हे सगळे वडिलांच्या सायकलवर आणि एका शेजाऱ्याच्या जुन्या एम-एटीवर निभावून नेले. ती एम-एटी फार गुणी. आमच्या भागात मासळीवाल्यांनी आणि दूधवाल्यांनी त्या गाडीच्या जिवावर संसार उभे केले आहेत. पण तिचे उत्पादन केव्हाच बंद झाले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि २०२३ च्या पावसाळ्यात शेजाऱ्याने ती भंगारात घातली.

इथे आमचा, म्हणजे थोरल्या भावाचा, प्रवेश होतो. घरात शिकलेले आम्ही, पतपेढीत खाते आमचे, चार लोकांचे अर्ज लिहून देणारे आम्ही. तेव्हा गाडीही आम्हीच ठरवणार, असे आम्ही परस्पर गृहीत धरले. धाकट्यांनी एकदा दबकत सांगितले, “दादा, एखादी मोपेड भागंल.” आम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. मोपेड म्हणजे पुन्हा दोन चाके. आमच्या मनात चारचाकी होती. सामानही जाईल, आईला दवाखान्यात नेता येईल, लग्नाकार्याला सगळे एका गाडीतून उतरू. खरे सांगायचे तर या तीन कारणांतले तिसरे कारण सर्वांत मोठे होते. वडील हयातभर दुसऱ्याच्या बैलगाडीच्या मागे चालले. त्यांच्या मुलांच्या दारात चार चाके उभी असावीत, एवढीच हौस. हौस वाईट नव्हती, पण ती जाळ्याच्या नावावर खपवायला नको होती.

दिवाळीच्या सुमारास एक जुनी व्हॅन पाहिली. एक लाख चाळीस हजार सांगत होते, एक लाख पंचवीसला तुटली. आमच्या सौभाग्यवतींचे भिशीचे चाळीस हजार आणि उरलेले पतपेढीचे कर्ज आमच्या नावावर. मागचे आसन काढले, तळाला रबरी चटई टाकली आणि झाली मासळीची गाडी.

पहिले दोन महिने उत्तम गेले. मग एकेक कळू लागले. ओल्या जाळ्यातून पाणी ठिबकते. ते नुसते पाणी नसते, त्यात गाळ असतो, शेवाळ असते, माशाचा चिकट बुळबुळीतपणा असतो. ते चटईखाली जाऊन साचले. पत्र्याला गंज धरला आणि असा वास बसला की फिनेल, लिंबू, कडुनिंब काही चालले नाही. आईला तपासणीसाठी त्यातून नेले तेव्हा ती भिगवणपर्यंत गप्प बसली आणि पुढे म्हणाली, “मला यष्टीत बशीव.” लग्नाला जाण्याचा तर प्रश्नच मिटला. जी गाडी दोन्ही कामांना म्हणून घेतली ती एका कामाची राहिली आणि त्या कामालाही ती फार मोठी होती.

दुसरी गोष्ट कागदाची, आणि ती कारकुनाने विसरावी याची आम्हांला जास्त लाज वाटते. व्हॅनला पांढरी पाटी होती, म्हणजे खाजगी वापराची नोंदणी. तिच्यातून रोज विक्रीचा माल वाहणे हे नोंदणीबाहेरचे काम. एका ओळखीच्या विमा प्रतिनिधीने सहज विचारले, “साहेब, उद्या अपघात झाला आणि मागे चार क्रेट मासळी निघाली, तर कंपनी दावा मान्य करील असे वाटते का?” त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. माल वाहणाऱ्या गाडीला पिवळी पाटी लागते, तिची योग्यता तपासणी ठरावीक मुदतीने करून घ्यावी लागते, विमा त्या वापराचा असावा लागतो. एक सवलत मात्र अनेकांना माहीत नसते. एकूण वजन तीन हजार किलोंच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळा परमिट लागत नाही, म्हणून तीनचाकी टेम्पो आणि छोटा हत्ती यांना तो त्रास नाही. आणि हलक्या मोटारीचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. आमच्या वस्तीत याच कारणावरून एका मुलाला कामावर घेत नव्हते, म्हणून मुद्दाम लिहिले.

तिसरी गोष्ट मात्र उजनीनेच शिकवली. २०२३ साली पाऊस ओढला, धरण भरलेच नाही. मग पाणी मागे सरू लागले. ज्यांनी उजनी पाहिली नाही त्यांना हे कळणे अवघड आहे. समुद्राचा किनारा तिथेच असतो, धरणाचा किनारा चालतो. भाद्रपदात पाणी बांधाला लागलेले असते, वैशाखात तेच पाणी दोन-दोन किलोमीटर आत गेलेले असते आणि मधे उरतो तो काळा गाळ. वरून भेगा पडलेला, कडक, गाडी सहज जाईल असा दिसणारा, आणि आतून लोण्यासारखा. पळसदेवचे पाण्यातले जुने देऊळ उघडे पडू लागले की आमच्याकडे समजतात, आता वाट लांबली. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. देवळाला पाय लावून लोक फोटो काढत होते.

त्या एप्रिलात एका रविवारी पहाटे आम्हीही धाकट्यांबरोबर होतो. गाडी काठापर्यंत नेण्याचा आग्रह आमचाच. धाकटे नको म्हणत होते. दीडशे पावले आत गेलो आणि मागची चाके कण्यापर्यंत बसली. फळ्या घातल्या, पोती घातली, चटई घातली. उजाडले, ऊन चढले, क्रेटमधली मासळी डोळे पांढरे करू लागली. शेवटी अकरा वाजता एका ट्रॅक्टरवाल्याने साखळी लावून ओढली. त्याचे दीड हजार आणि मासळी गेली ती वेगळीच. आमच्या शेजारून एक म्हातारे गृहस्थ मोपेडवर दोन पोती जाळी लादून, पाय गाळाला लावत लावत, तसेच पुढे गेले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, बोलले काही नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते.

जूनमध्ये व्हॅन विकली. सत्त्याऐंशी हजार आले. म्हणजे अडतीस हजारांची खोट, दुरुस्तीचे धरलेच नाहीत.

मग गाडीशिवायचे दिवस आले. मासळी न्यायला वस्तीतल्या एकाचा तीनचाकी टेम्पो होता, पिवळ्या पाटीचा. तो चार-पाच जणांची मासळी एकत्र भिगवणला नेई आणि क्रेटमागे पैसे घेई. ते ठीक चालले. पण टेम्पो डांबरी सडकेवर थांबे. सडकेपासून पाण्यापर्यंत जाळी कोण नेई? धाकट्यांच्या खांद्यावर ट्यूब आणि वल्ही, आणि जाळ्यांचे गाठोडे धाकटीच्या डोक्यावर. संध्याकाळी कोरडे, पहाटे ओले. आम्ही रविवारी गावी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि उठताना तिने खुंटीला धरले. आम्ही विचारले, “काय होतंय?” तर म्हणाली, “काय न्हाय दादा, कंबर जरा धरलीय.”

त्या दिवशी प्रथमच आमच्या डोक्यात आले की गाडीच्या सगळ्या चर्चेत आम्ही दलालाला विचारले, मेकॅनिकला विचारले, ऑफिसातल्या साहेबांनाही विचारले. जी डोक्यावरून ओझे वाहते तिला कोणी विचारलेच नव्हते.

तिला विचारले तेव्हा तिने पहिली गोष्ट सांगितली ती वजनाची. “तुमी गाडीवाल्याला जाळ्याचं वजन सांगता ते सुक्याचं. येताना वली असत्यात.” आम्ही वजनकाटा आणवला. आठ जाळी कोरडी बावीस किलो. पहाटे पाण्यातून काढल्यावर तीच जाळी, निथळून, एकेचाळीस किलो. आमच्या वहीत आम्ही सगळीकडे बावीस धरले होते. हिशेबाचे काम करून केस पांढरे झाले आणि मूळ आकडाच चुकीचा.

मग आम्ही दोघांना समोर बसवून वही नव्याने मांडली. मासळी आणि सामान एकाच गाडीत घालायचे हा हट्ट आधी सोडला. मासळीला बर्फ लागतो. उन्हाळ्यात जितकी मासळी जवळपास तितका बर्फ, म्हणजे पन्नास किलो मासळी म्हणजे शंभर किलोंचे ओझे. तिच्यासाठी टेम्पो बरा आणि तो सडकेवर मिळत होता. प्रश्न उरला तो सडकेपासून पाण्यापर्यंतच्या वाटेचा, आणि त्या वाटेला हलकी गाडीच हवी. ती रुतली तरी दोन माणसांना उचलता आली पाहिजे. स्कूटरची चाके लहान, ती ढेकळांत अडकतात. मोटारसायकल दमदार, पण तिच्या टाकीमुळे पुढे काही ठेवता येत नाही आणि सगळे ओझे मागे चढते. टीव्हीएसची एक्सएल मोपेड मात्र पुढून मोकळी. पायाजवळच्या जागेत जाळ्याचे पोते बसते, त्यामुळे भार खाली राहतो. चाके सोळा इंची, मागची सीट काढता येते. कंपनी तिची क्षमता चालवणाऱ्यासकट १३० किलो सांगते. धाकटे अठ्ठावन्न किलो, ओली जाळी एकेचाळीस, ट्यूब, वल्ही, पंप मिळून दहा-बारा. एकशे दहाच्या आसपास. बसते. धाकट्यांनी दीड वर्षापूर्वी दबकत जे सांगितले होते तेच वहीच्या शेवटच्या ओळीत निघाले. त्यांनी ते बोलून दाखवले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ऑगस्ट २०२४ मध्ये धरण भरले. पुढे उभा राहिला अनुदानाचा प्रश्न. २०२० साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासळी विक्रीसाठी बर्फपेटीसह दुचाकी, सायकल, तीनचाकी अशी वाहने होती. बर्फपेटीसह दुचाकीची किंमत ७५ हजार धरलेली. सर्वसाधारण लाभार्थ्याला चाळीस टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना साठ टक्के. म्हणजे ४५ हजार. बौद्ध म्हणून दाखला चालेल की नाही, असे अजूनही लोक आम्हांला विचारतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना तो हक्क आहे, दाखला नीट काढून ठेवावा. आम्ही धाकटीच्या नावाने अर्ज केला. आम्हांला सांगण्यात आले की मंजुरी येण्याआधी गाडी घेतली तर तिच्यावर अनुदान मिळणार नाही. हेही ठीक होते. नियम आहे.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, मंजुरी आली नाही. खेटे घालणे आम्हांला नवे नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद कसा जातो आणि कसा जात नाही, हे आम्ही दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. आम्ही घरी सांगितले, “थांबा. जाळी नेण्याला रोख खर्च काही होत नाही. चार महिने थांबलो तर ४५ हजार वाचतात. हक्काचे पैसे आपण सोडायचे नाहीत.” हे वाक्य आम्ही सभांतूनही बोलतो.

धाकटी चुलीपुढे होती. ती म्हणाली, “हिशेब बरोबर हाय दादा. पर तवर डोक्यावरनं कोण नेनार?”

आमच्या वहीत याला रकाना नव्हता. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले, उठल्या आणि नव्या भिशीचे पैसे आणून ठेवले. दुसऱ्या आठवड्यात मोपेड आली. सगळे मिळून पासष्ट हजारांच्या आसपास गेले. अर्ज आम्ही मागे घेतला. हक्काचे पैसे सोडले याची रुखरुख आहे, ती आम्ही नाकारत नाही. आमचे एक सहकारी आमच्यावर रागावलेही. “तुम्हीच असे केले तर लोकांनी काय करावे?” त्यांना आमच्याजवळ आजही उत्तर नाही.

गाडी घेतल्यावरही शिकणे संपले नाही. पहिल्याच आठवड्यात जाळ्याचे टोक सायलेन्सरला लागले आणि नायलॉन मेणासारखे वितळले. एका हातात मावतील एवढी सहा भोके पडली. दुसऱ्यांदा दोरीचे शेपूट मागच्या चाकात गेले. धाकटे वेगात नव्हते म्हणून वाचले. मग वेल्डरकडून दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीचे साडीगार्ड आणि सायलेन्सरवर पत्रा मारून घेतला. जाळी आता उघडी न्यायची नाहीत, गोणपाटात तोंड बांधून न्यायची. गोणपाट ओले ठेवले की शिशाची खणखणही होत नाही. घरी आल्यावर गाडीवर दोन बादल्या पाणी ओतायचे हे काम पुतण्याचे. बारावीचा अभ्यास चुकवायला त्याला ते बरे सापडले आहे.

एक जागा आम्ही हट्टाने ठेवायला लावली, सीटच्या मागे आडवी. तिथे अंगात घालायचे तरंगते जाकीट. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान याच पाण्यात बोट उलटून सहा जण गेले. जाकीट घरी खुंटीला राहिले तर त्याचा उपयोग नाही. सामान जास्त झाले की माणूस पहिल्यांदा तेच घरी ठेवतो, म्हणून त्याची जागा कायमची करून टाकली. धाकटे कुरकुरले, आता घालतात.

वेल्डरने केलेले मागचे कॅरियर धाकटीला पसंत पडले नाही. पोते चढवायला हात खांद्याच्या वर न्यावे लागत होते. ती म्हणाली, चार बोटे खाली घ्या. वेल्डर म्हणाला, बाई, कंपनीच्या मापाने केलंय. ती म्हणाली, पोतं कंपनी उचलती का मी? त्याने निमूटपणे कापून पुन्हा जोडले आणि जादा पैसे मागितले नाहीत.

धाकट्यांची पाठ अधूनमधून धरते, तेव्हा सडकेपर्यंत गाडी तीच नेते, पण अजून आडवाटेनेच. कच्चा परवाना काढला आहे. पक्क्या परवान्याच्या परीक्षेसाठी पुढच्या महिन्यात बारामतीच्या आरटीओत जायचे आहे. आम्ही रजा टाकली आहे. आई म्हणते, मीही येते, आणि यष्टीने नाही. मोपेडवर तिघे बसत नाहीत, हे तिला कोणी सांगायचे यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.